पंगतीबाहेरचा नवरा

१५५३ सालच्या डिसेंबरात बाल्टिक किनाऱ्यावरच्या विस्मार बंदराजवळ एक जहाज बर्फात अडकलं. त्यावर लंडनहून परागंदा झालेले डच आणि फ्लेमिश प्रोटेस्टंट होते. इंग्लंडच्या गादीवर मेरी राणी आली, कॅथलिक राज्य परतलं, आणि या लोकांना गाशा गुंडाळावा लागला. डेन्मार्कनं त्यांना थारा दिला नव्हता. शेवटी बर्फ तुडवत, अन्न घेऊन जहाजापर्यंत गेले ते विस्मारमध्ये जीव मुठीत धरून राहणारे मेनो सायमन्सचे अनुयायी. पोटात चार घास गेल्यावर पाहुण्यांनी यजमानांशी धर्मशास्त्रावर वाद घालायला सुरुवात केली. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत मेनो आणि पाहुण्यांचे पंडित यांच्यात रीतसर चर्चा झडल्या. कटुता इतकी वाढली, की लपून राहिलेली मंडळी चव्हाट्यावर आली आणि त्याच वर्षी त्यांना शहर सोडावं लागलं.

ते सोडण्याआधी मेनो आणि आणखी सहा वडीलजन विस्मारमध्ये एकत्र बसले. आपल्या लोकांनी कसं वागावं याची नऊ कलमं त्यांनी ठरवली. येणी वसूल करायला सरकारदरबारी जावं का, प्रवासात देशाच्या रिवाजाप्रमाणे काठी-तलवार बाळगावी का, असे व्यवहारातले प्रश्न त्यात आहेत. पण पहिलंच कलम लग्नाचं आहे. जो कुणी मंडळीबाहेर लग्न करील त्याला मंडळीतून काढावं आणि त्याचं वर्तन ख्रिस्ती माणसाला शोभेसं दिसेपर्यंत परत घेऊ नये. डोक्यावर बक्षीस लागलेली माणसं बैठकीला बसतात आणि सर्वांत आधी लग्नाचा विषय काढतात, यामागे कारण होतं.

हे लोक पुनर्बाप्तिस्मावादी. १५२५ च्या जानेवारीत झुरिचमध्ये काही तरुणांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला, तिथून ही परंपरा सुरू होते. पाळण्यातल्या पोराला कळत नाही की आपण ख्रिस्ती आहोत. जाणत्या वयात स्वतः कबूल करील तोच मंडळीचा सभासद, आणि राजानं किंवा नगरसभेनं कुणाचा धर्म ठरवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आज ते कुणालाही पटेल. तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही त्यात राजद्रोह दिसला. दोन वर्षांत त्या तरुणांपैकी फेलिक्स मान्झला झुरिचच्या लिमाट नदीत बुडवून मारलं. त्यातच १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही माथेफिरू पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी सत्ता बळकावली, बहुपत्नीत्व सुरू केलं, तलवार चालवली. शहर पडल्यावर पुढाऱ्यांची प्रेतं पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्यावर टांगली गेली. त्यानंतर या पंथाच्या साध्या, निरुपद्रवी माणसाकडेही लोक म्युन्स्टरवालाच म्हणून बघू लागले.

फ्रीसलंडमधल्या विटमार्सुम गावचा पाद्री मेनो याच धामधुमीत, १५३६ च्या जानेवारीत, आपलं पद सोडून या विखुरलेल्या लोकांत आला. पुढची बरीच वर्षं त्यानं पळण्यात काढली. १५३९ मध्ये त्याला आसरा दिल्याबद्दल एका शेतकऱ्याला देहान्त झाला. १५४२ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं त्याच्या डोक्यावर शंभर गिल्डरांचं बक्षीस लावलं. अशा माणसाच्या मंडळीत सून किंवा जावई कोण येतो हा नुसता श्रद्धेचा प्रश्न नव्हता. रात्रीच्या बैठकीला कोण येतं आणि कुठल्या कोठारात बाप्तिस्मा होतो हे घरातल्या माणसाला कळणारच. घरातलाच माणूस बाहेरचा असला की अख्ख्या मंडळीचा गळा त्याच्या हाती.

दुसरं कारण अधिक खोल होतं. या मंडळीनं तलवार नाकारली होती. कॅथलिक बिशपच्या किंवा झुरिचच्या नगरसभेच्या हाती तुरुंग होता, दंड होता, जल्लाद होता. मेनोच्या लोकांकडे यातलं काहीच नव्हतं आणि नकोही होतं. तरी मंडळी शुद्ध राहायला हवी. म्युन्स्टरनंतर तर दुप्पट शुद्ध. मग शिस्त लावायची कशानं? एकच उपाय उरला: वाळीत टाकणं. चुकलेल्याला आधी एकांतात सांगायचं, मग साक्षीदारांसमोर, मग सर्वांसमोर. तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजनाच्या पंगतीतून उठवायचं, आणि नंतर घरच्या पंगतीतूनही. त्याच्याबरोबर जेवायचं नाही, देणंघेणं ठेवायचं नाही. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार, दोन्ही बंद. कुणाच्या अंगाला हात न लावता केलेली ही शिक्षा. तिच्यात रक्त सांडत नव्हतं म्हणून ती सौम्य होती असं मात्र मला वाटत नाही.

विस्मारच्या कलमात एक गोष्ट गृहीत धरली होती: माणूस एकतर आतला असतो किंवा बाहेरचा, आणि लग्न होतं त्या दिवशी ते माहीत असतं. पण नवराबायको दोघंही आतले असताना लग्न झालं, आणि पुढं दोघांपैकी एकाला मंडळीनं बाहेर काढलं तर? हा प्रश्न वर्षा-दोन वर्षांतच एम्डेनमध्ये उभा राहिला.

एम्डेन हे पूर्व फ्रीसलंडमधलं भरभराटीचं बंदर. छळाला कंटाळून आलेल्यांना तिथं बऱ्यापैकी निवारा मिळे. तिथल्या मंडळीत स्वान रुटगर्स नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला मंडळीनं वाळीत टाकलं. मंडळीचा वडीलजन लेनार्ट बाउवेन्स यानं तिला सांगितलं, की नियम सर्वांना सारखा. नवऱ्याच्या ताटाला ताट लावून बसायचं नाही, त्याच्या अंथरुणात जायचं नाही. नाही ऐकलंस तर तुलाही वाळीत टाकू.

स्वाननं नकार दिला.

तिचं स्वतःचं म्हणणं कुठल्या कागदात उतरलेलं नाही. तिच्याविषयी लिहिलं ते सगळं पुरुषांनी, एकमेकांना पाठवलेल्या पत्रांत. पण तिच्या नकारानं जे काहूर उठलं ते पाहता बाई ठाम असणार. वाळीत टाकलेल्या भावाला घरी न बोलावणं जमतं, वाळीत टाकलेल्या वाण्याकडचं सामान बंद करणं जमतं. एका छपराखाली, एका चुलीवर, एका खोलीत राहणाऱ्या माणसाला वाळीत कसं टाकायचं? त्याचं ताट वेगळ्या बाकावर ठेवायचं, की त्याचं जेवून झाल्यावर आपण बसायचं? रात्री पोर रडायला लागलं तर कुणी उठायचं, यावर कलम नव्हतं.

लेनार्ट बाउवेन्स हा दुष्ट माणूस नव्हता. तरुणपणी तो नाटकं-कवनं करणाऱ्या मंडळात होता, बोलण्यात पटाईत. जिवाची पर्वा न करता तो गावोगाव फिरला. त्यानं स्वतः ठेवलेल्या यादीनुसार त्याच्या हातून दहा हजारांवर लोकांचा बाप्तिस्मा झाला. एवढा पसारा केवळ शिस्तीवर टिकतो आहे अशी त्याची खात्री होती. एका बाईसाठी सवलत दिली की उद्या प्रत्येक घरातून सवलतीची मागणी येईल, हे त्याचं गणित. सगळ्या कडक पुढाऱ्यांचं असतं तेच. पुढं १५६५ मध्ये तक्रारींवरून खुद्द त्यालाच कामावरून दूर केलं गेलं, ती गोष्ट वेगळी.

मेनोला हे कळलं तेव्हा तो हादरला. १५५६ च्या नोव्हेंबरात त्यानं एम्डेनच्या मंडळीला पत्र लिहिलं. नवराबायकोला अशी धमकी देऊन तोडणं मला कधीही मान्य होणार नाही, असा त्याचा आशय होता. थकलेल्या, पायानं अधू झालेल्या म्हाताऱ्याचं हे पत्र वाचताना वाटतं, प्रकरण इथंच मिटलं असेल. मिटलं नाही. पुढच्या वर्षी फ्रीसलंडमधल्या हार्लिंगनला मेनो, लेनार्ट आणि दुसरा मातब्बर पुढारी डिर्क फिलिप्स यांची भेट झाली. दोघं हटले नाहीत. मेनो वाकला. १५५८ मध्ये बहिष्कारावर त्यानं जे पुस्तक लिहिलं त्यात नवराबायकोनंही नियम पाळलाच पाहिजे अशी कडक भूमिका आहे. दोन वर्षांपूर्वीचं त्याचं पत्र आणि हे पुस्तक शेजारी ठेवलं तर एकाच माणसाचं वाटत नाही.

दक्षिणेकडल्या, ऱ्हाईन नदीच्या आणि स्ट्रासबुर्गच्या बाजूच्या बांधवांना हे पटलं नाही. १५५७ मध्ये स्ट्रासबुर्गला जमलेल्या वडीलजनांनी मेनोला कळवलं, की लग्नाची गाठ वाळीत टाकण्याच्या नियमापेक्षा मोठी धरा, टोकाला जाऊ नका. झिलिस आणि लेम्के या दोन पुढाऱ्यांनी उघड विरोध केला. उत्तरेनं उत्तर दिलं ते त्यांनाच वाळीत टाकून. १५६१ च्या जानेवारीत मेनो वारला तो या भांडणाच्या मधोमध. हॉलंडच्या उत्तरेतले वॉटरलँडर नावानं ओळखले जाणारे लोकही वेगळे झाले. इतर गटांनी काढलेली माणसं ते सामावून घेत, म्हणून कडक मंडळींनी त्यांना ‘घाणीची गाडी’ असं नाव ठेवलं. गाडी भरत गेली एवढं खरं.

यानंतर जे घडलं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. फ्लँडर्समधल्या छळातून पळून फ्रीसलंडमध्ये आलेले निर्वासित आणि तिथले स्थानिक यांचं पटेना. निर्वासितांना स्थानिकांची घरातली ऐट खुपे, स्थानिकांना निर्वासितांचे कपडे. १५६६ मध्ये चार गावांच्या मंडळ्यांमधल्या एका करारावरून ठिणगी पडली. १ फेब्रुवारी १५६७ रोजी समेटासाठी हार्लिंगनला दोन्ही बाजू जमल्या. दोघांनी चूक कबूल केली, दोघांनी गुडघे टेकले, प्रार्थना झाली. फ्रिसियन उठून उभे राहिले. फ्लेमिश उठायला लागले तेव्हा मध्यस्थांनी सांगितलं, तुमचा अपराध जास्त, तुम्हाला फ्रिसियनांनी हात देऊन उठवायचं आहे. हे आधी ठरलंच नव्हतं, असं म्हणत फ्लेमिश भडकले. समेट तिथंच मोडला आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाळीत टाकलं.

आता ‘बाहेरचं लग्न’ म्हणजे कॅथलिकाशी किंवा कॅल्व्हिनपंथीयाशी लग्न एवढंच राहिलं नाही. एकाच मेनोला मानणारे, सारखाच बाप्तिस्मा घेतलेले, सारखाच मार खाल्लेले फ्लेमिश आणि फ्रिसियन यांचं लग्नही बाहेरचं झालं. पलीकडल्या गटातला माणूस आत घ्यायचा तर पुन्हा बाप्तिस्मा देण्यापर्यंत मजल गेली. पुढच्या पंचवीस वर्षांत फ्लेमिश आणि फ्रिसियन या दोघांतही पुन्हा फाटाफूट होऊन जुने फ्लेमिश, तरुण फ्लेमिश, कडक फ्रिसियन, मवाळ फ्रिसियन असे तुकडे पडले. जुन्या आणि तरुण फ्लेमिशांची फाटाफूट तर फ्रानेकर गावात एका वडीलजनानं केलेल्या घरखरेदीवरून झाली. दर तुकड्यागणिक उपवर मुलामुलींसाठी आतली घरं कमी होत गेली. लहान गावातल्या कडक मंडळीत दहा-वीस कुटुंबं. त्यातली निम्मी नात्यातली. मुलगी द्यायची कुठं?

नियम मोडायला लागला तो धर्मपंडितांच्या वादातून नव्हे, नगरभवनातून. स्पेनविरुद्ध बंड करून उठलेल्या हॉलंड प्रांतानं १ एप्रिल १५८० रोजी लग्नाचा कायदा केला. लग्न एकतर अधिकृत रिफॉर्म्ड चर्चमध्ये लावावं किंवा गावच्या दंडाधिकाऱ्यांसमोर. कायदा काही मेनोपंथीयांवर प्रेम म्हणून झालेला नव्हता. चोरून लागणारी लग्नं आणि वारसाहक्काचे घोळ मिटवायचे होते. पण परिणाम मोठा झाला. तोवर त्यांचं लग्न मंडळीसमोर लागे आणि सरकारी दप्तरात त्याला किंमत नसे. वडीलजनांनी ‘नाही’ म्हटलं की सभ्य लग्नाचा रस्ताच बंद. आता नगरभवनाच्या दारात कुणीही उभं राहू शकत होतं, आणि तिथला कारकून बाप्तिस्मा कधी झाला हे विचारत नव्हता. मंडळी अजून वाळीत टाकू शकत होती. पण वाळीत पडलेल्या जोडप्याचं लग्न आता कायद्यानं पक्कं होतं.

या बदललेल्या जगातला एक माणूस पाहू. होव्हर्ट फ्लिंक १६१५ मध्ये क्लीव्ह शहरात मेनोपंथीय घरात जन्मला. पोराला चित्रकार व्हायचं होतं आणि आईबापांना ते पसंत नव्हतं. चित्रकार म्हणजे उंडारलेला, बाईवेडा माणूस अशी त्यांची समजूत. चरित्रकार हाउब्राकेननं सांगितलेली गोष्ट अशी, की लेवार्डनचा लाम्बर्ट याकोब्स क्लीव्हला प्रवचनाला आला. हा मेनोपंथीय उपदेशक आणि चित्रकारही. एवढा सत्शील माणूस रंगांत हात घालतो हे पाहून आईबाप विरघळले आणि त्यांनी पोराला त्याच्या हवाली केलं. पुढं फ्लिंक ॲमस्टरडॅमला रेम्ब्रांटच्या हाताखाली शिकला, तेही मेनोपंथीय चित्रव्यापारी औलेनबुर्खच्या छत्राखाली. म्हणजे जन्म, शिक्षण, धंदा, सगळं मंडळीच्या माणसांतून. आणि १६४५ मध्ये त्यानं लग्न केलं ते इंगेल्ट्ये टोव्हेलिंगशी, रॉटरडॅमच्या वजनदार रेमॉन्स्ट्रंट घराण्यातल्या मुलीशी. रेमॉन्स्ट्रंट म्हणजे रिफॉर्म्ड चर्चनं १६१९ मध्ये बाहेर काढलेले उदारमतवादी. सहा वर्षांनी फ्लिंकनं त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचं कुठं काही अडलं नाही. ॲमस्टरडॅमच्या नव्या भव्य नगरभवनासाठी १६५९ मध्ये बारा चित्रांचं काम मिळालं ते रेम्ब्रांटला डावलून फ्लिंकलाच. ते पुरं व्हायच्या आत तो वारला. शंभर वर्षांपूर्वी एम्डेनमध्ये जी गोष्ट घर उद्ध्वस्त करायला पुरली असती, ती आता श्रीमंत शहरातल्या बड्या घरांच्या सोयरिकीत विरून गेली.

कडक गटांना हा बदल आधीपासूनच दिसत होता. दुभंगलेल्या फ्लेमिशांना जोडण्यासाठी २१ एप्रिल १६३२ रोजी डॉर्ड्रेख्टला ५१ जणांनी अठरा कलमांच्या कबुलीनाम्यावर सह्या केल्या. मसुदा तिथल्याच आद्रियान कॉर्नेलिस या वडीलजनाचा. बाराव्या कलमात लग्न फक्त त्याच बाप्तिस्म्याच्या, त्याच मंडळीच्या माणसाशी करायची मुभा आहे. सतराव्यात वाळीत टाकण्याचा नियम आहे, पण त्यात आता मोजूनमापून वागण्याची तंबी आहे: तो भुकेला असेल तर खायला घाला, आजारी असेल तर बघा, उद्देश त्याला सुधारण्याचा असावा, नाश करण्याचा नव्हे. एम्डेनच्या प्रकरणानंतर पाऊणशे वर्षांनी हे शहाणपण कागदावर आलं.

हॉलंडमध्ये या कागदाचा जोर फार टिकला नाही. १६६४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोठ्या मंडळीचे पुन्हा दोन भाग झाले, आणि गॅलेनस अब्राहाम्सझोनच्या मागं गेलेल्या उदार गटाला कबुलीनाम्यांचंच ओझं नको होतं. बाहेर लग्न केलेला परत यायचा तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यानं मंडळीसमोर पश्चात्ताप व्यक्त केला की पुरे. बायकोला सोडायला कुणी सांगत नसे. आता विचार करा, माणूस उभा राहून म्हणतो मी पाप केलं, सर्वजण त्याला क्षमा करतात, आणि तो त्या पापाकडे जेवायला घरी जातो. उत्तरेतले जुने फ्लेमिश मात्र अठराव्या शतकातही बाहेर लग्न करणाऱ्यांना काढत राहिले आणि आकसत गेले.

डॉर्ड्रेख्टचा कागद खरा जगला तो बाहेरदेशी. १६६० मध्ये अल्सासमधल्या मंडळ्यांनी तो स्वीकारला. १६९३ मध्ये याकोब अम्माननं वाळीत टाकणं कडक पाळा म्हणून भांडण काढलं आणि आमिश पंथ वेगळा झाला. फ्लेमिश-फ्रिसियन भांडण प्रशियातून १७८९ मध्ये थेट युक्रेनमधल्या खोर्तित्सा वसाहतीपर्यंत पोचलं; हार्लिंगनमधल्या त्या गुडघे टेकण्यावरून पडलेली फूट सव्वादोनशे वर्षांनी नीपर नदीकाठच्या सोयरिकी ठरवत होती. तिथं रशियनाशी लग्न करण्याचा प्रश्न झारनंच सोडवला होता. ऑर्थोडॉक्स माणसानं धर्म सोडणं १९०५ पर्यंत बेकायदा होतं आणि मिश्र लग्नातली पोरं ऑर्थोडॉक्सच धरली जात. मंडळीनं कुंपण घालायच्या आत सरकारनं भिंत बांधलेली.

पेनसिल्वेनियातल्या मंडळ्यांनी १७२५ मध्ये डॉर्ड्रेख्टची कलमं आपली म्हणून मान्य केली. तिथल्या लँकेस्टर परगण्यात १८१२ मध्ये जॉन हेरनं ‘रिफॉर्म्ड मेनोनाइट’ नावाचा जास्त कडवा पंथ काढला. त्यानं वाळीत टाकण्याचा जुना नियम नवराबायकोसकट परत आणला. १९७२ मध्ये या पंथानं एका बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला काढलं आणि त्याच्या बायकापोरांनी त्याला टाळलं, तेव्हा तो कोर्टात गेला. धर्माच्या बाबतीत आम्ही पडत नाही म्हणून खालच्या कोर्टानं दावा फेटाळला होता. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: लग्न आणि कुटुंब हा राज्याच्याही काळजीचा विषय आहे, म्हणून दावा ऐकून घ्या.

याच पंथाच्या एका उपदेशकाची मुलगी फॅनी स्नेव्हली. तिचा मुलगा मिल्टन हर्शी, पुढं चॉकलेटचा बादशहा. फॅनी आयुष्यभर पंथाचा साधा गडद पोशाख आणि टोपी घालत असे. मुलाच्या धंद्यात ती राबली, त्याची दिवाळखोरी तिनं पाहिली. आणि २५ मे १८९८ रोजी चाळिशीतल्या मिल्टननं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कथीड्रलच्या पाद्रीनिवासात, कॅथलिक पाद्र्यासमोर, आयरिश घरातल्या कॅथरीन स्वीनीशी लग्न केलं. सासूसुनेचं जमलं नाही. मिल्टननं आईला वेगळं घर घेऊन दिलं. पण मंडळी मिल्टनला काहीच करू शकत नव्हती. वाळीत टाकता येतो तो सभासद, आणि सभासद होतो तो जाणत्या वयात स्वतः बाप्तिस्मा मागणारा. मिल्टननं तो कधी मागितलाच नव्हता. त्यामुळं लग्नानंतरही फॅनी खुशाल मुलाकडे जेवू शकत होती, आणि मुलाच्या कारखान्यातली चॉकलेटं कागदात गुंडाळायचं काम तिनं म्हातारपणापर्यंत चालू ठेवलं.